कान फुटला म्हणून सोडून देऊ नका

आपल्या मराठी भाषेत कानावरून जितके वाक्प्रचार झाले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवावरून झाले असतील. चुगलखोर कान भरतो, हलक्या कानाचा मनुष्य ते खरे मानतो, वडीलधारी माणसे कान उपटतात, आणि नको असलेली गोष्ट समोर आली की आपण तिच्याकडे कानाडोळा करतो. खेदाची गोष्ट ही की, आपल्या मुलांच्या प्रत्यक्ष कानाकडेच आपण सर्वांत जास्त कानाडोळा करतो. ज्या घरात मुलाला दोन दिवस ताप आला की डॉक्टरकडे धाव घेतली जाते, त्याच घरात दुसऱ्या मुलाचा कान महिनोन्‌महिने वाहत असतो. "लहानपणी सगळ्यांचेच कान फुटतात, मोठा झाला की आपोआप बरा होईल," असे म्हणून घरची मंडळी कापसाचा बोळा बदलत राहतात.

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. परंतु वाहणाऱ्या कानाचा पहिला फटका बसतो तो मुलाच्या शिक्षणाला, आणि तो आमच्या डोळ्यांसमोर बसतो. म्हणून मुलांच्या कानाच्या पडद्याविषयी आणि तो दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी जे प्रत्येक आईबापाला ठाऊक असावे, ते सोप्या शब्दांत येथे मांडत आहोत.

पडदा कसा असतो आणि काय करतो

कानाच्या भोकातून आत गेले की सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची एक वाट लागते. त्या वाटेच्या शेवटी एक पातळ पापुद्रा ताणून बसवलेला असतो. हाच कानाचा पडदा. त्याचा व्यास सुमारे ९ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या लहान बटणाएवढा, आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी. एवढ्या पातळ पडद्यालाही तीन थर असतात. बाहेरून कातडी, आतून तोंडाच्या आतल्या बाजूला असते तसे ओलसर अस्तर, आणि दोहोंच्या मध्ये चिवट तंतूंचे विणकाम.

पडद्याच्या पलीकडे हवेने भरलेली एक छोटी खोली आहे. तिला मध्यकर्ण म्हणतात. तिच्यात तीन हाडांची साखळी आहे. पहिले हाड हातोडीसारखे, दुसरे ऐरणीसारखे आणि तिसरे घोड्याच्या रिकिबीसारखे. ही रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची असून माणसाच्या शरीरातील सर्वांत लहान हाड तेच. आवाजाच्या लाटांनी पडदा थरथरतो, पडद्याला चिकटलेली हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब आतल्या द्रवाने भरलेल्या शंखाकृती अवयवाला धक्के देते. तेथून पुढे मज्जातंतू तो संदेश मेंदूकडे नेतो.

यात निसर्गाची एक मोठी युक्ती आहे. खिळ्याच्या रुंद डोक्यावर घाव घातला की त्याचे सारे बळ टोकावर एकवटते, हे आपण जाणतो. पडद्याचा थरथरणारा भाग रिकिबीच्या तळापेक्षा सुमारे १७ पट मोठा आहे. त्यामुळे हवेतला हलका आवाज आतल्या द्रवापर्यंत पोहोचेतो चांगला जोरकस होतो. पडद्याला भोक पडले की ही युक्ती फसते. भोक लहान असेल तर ऐकणे थोडेच कमी होते. मोठे असेल तर ३० ते ४० डेसिबलपर्यंत घट होऊ शकते, आणि हाडांची साखळी झिजून तुटली असेल तर त्याहूनही अधिक. कुजबुज सुमारे ३० डेसिबलची असते आणि साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे. म्हणजे ३० डेसिबल गमावलेल्या मुलाला शिक्षकांचे रोजचे बोलणे कुजबुजीसारखे ऐकू येते. ते मूल बहिरे नसते. ते हाक मारली की 'ओ' देते, आणि म्हणूनच कोणाला संशय येत नाही.

लहान मुलांचेच कान का फुटतात

मध्यकर्णाची खोली एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली आहे. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ही नळी उघडते आणि खोलीत ताजी हवा जाते. मोठ्या माणसात ही नळी लांब व उतरती असते. लहान मुलात ती आखूड आणि बरीचशी आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली की नाकातले जंतू सहज कानात पोहोचतात. त्यातच नाकाच्या मागे असलेल्या अॅडिनॉइड नावाच्या गाठी सुजल्या की नळीचे तोंड बंद होते. खोलीत पू साचतो, पडद्यावर दाब येतो, मूल रात्रभर ठणक्याने रडते आणि पहाटे पडदा फुटून पू बाहेर येतो. ठणका थांबतो, आणि घरचे म्हणतात, "बरे झाले, फुटला एकदाचा!"

असा एकदा फुटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, हे खरे आहे. आजीबाईंच्या म्हणण्यात तेवढे तथ्य आहे. पण ज्या मुलाला पुनःपुन्हा सर्दी होते, ज्याच्या घरात सिगारेटचा धूर असतो, ज्याला तान्हेपणी आडवे ठेवून बाटलीने दूध पाजले जाते, त्याचा कान पुन्हापुन्हा पिकतो. मग भोकाच्या कडा बोथट होतात, कातडी कडेवरून आत वळते आणि भोक कायमचे राहते. वाक्वा आणि क्युरपीपच्या ओल्या थंडीत मुलांची नाके किती आठवडे वाहत असतात हे आम्ही दरवर्षी पाहतो. वाहणाऱ्या नाकाच्या मागोमाग वाहणारा कान येतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

पडदा फुटण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते सांगताना आम्हांला संकोच वाटतो. ते कारण म्हणजे चपराक. कानशिलावर सपाट पंजा बसला की कानाच्या वाटेतील हवा एकदम आत दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. "कानाखाली वाजवीन" ही आपल्याकडची धमकी दिसते तितकी साधी नाही. आपल्या देशाच्या २०२० च्या बालकविषयक कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास मनाई केली आहे. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी, ज्या कानाने मुलाने आपले ऐकावे असे आपल्याला वाटते, त्याच कानावर हात उगारणे हा शहाणपणा नव्हे. अशा रीतीने फाटलेले पडदे बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत भरून येतात, पण सगळेच येत नाहीत.

वर्गात दिसणारी खूण

काही वर्षांपूर्वी आमच्या मराठीच्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती. नाव सांगण्याचे कारण नाही. शांत, नीटनेटकी, हस्ताक्षर सुंदर, पण श्रुतलेखनात 'घर'चे 'गर', 'खारे'चे 'कारे', 'भात'चा 'बात'. आपल्या बेटावर घरोघरी क्रियोल बोलली जाते आणि त्या भाषेत ख, घ, भ ही अक्षरे नाहीत. म्हणून आपल्या मुलांच्या अशा चुका नित्याच्याच. परंतु या मुलीच्या वह्या जवळून पाहता दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या. एक तर फ्रेंचच्या श्रुतलेखनातही तिचे शब्दांचे शेवट गळत होते. दुसरे म्हणजे, आम्ही तिच्यासमोर उभे राहून सांगितलेली वाक्ये बरोबर असत आणि फळ्याकडे तोंड करून सांगितलेली चुकत. ती कानाने कमी आणि ओठांकडे पाहून अधिक ऐकत होती.

आम्ही तिच्या आईला बोलावले. आईबरोबर आजीही आल्या. आजी म्हणाल्या, "गुरुजी, कान तर तिचा तिसऱ्या वर्षापासून वाहतो. मी लसूण घालून तेल कोमट करून सोडते ना!" आम्ही म्हटले, "आजी, तुमची माया आम्हांला दिसते. पण भोक पडलेल्या पडद्यातून ते तेल थेट आतल्या खोलीत जाते. एकदा डॉक्टरांना दाखवा." दाखवल्यावर कळले की, उजव्या पडद्याला मोठे भोक होते आणि डाव्या कानात पडद्यामागे चिकट द्रव साचला होता. दोन्ही कान अधू असलेली ती पोर दोन-तीन भाषा एकाच वेळी शिकत होती, आणि प्रगतिपुस्तकात तिच्याविषयी 'लक्ष कमी' असा शेरा पडत होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली श्रवणाविषयी एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात ज्यांना कमी ऐकण्यामुळे उपचारांची गरज आहे अशी ४३ कोटी माणसे असून त्यांत ३ कोटी ४० लाख मुले आहेत. आणि मुलांतील कमी ऐकू येण्याची शंभरातील साठ कारणे टाळता येण्यासारखी आहेत. त्या साठात कान पिकणे हे एक ठळक कारण आहे.

पडदा दुरुस्त करण्याची विद्या

आपल्या सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कान वाहणे, कानाला दुर्गंधी येणे व बहिरेपण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तुटलेली कानाची पाळी जोडण्याच्या शस्त्रक्रियाही त्यात आहेत. पडद्यापर्यंत पोहोचायला मात्र मानवजातीला पुष्कळ काळ लागला, कारण तेथे प्रकाश पोहोचत नव्हता आणि डोळ्याला ते दिसत नव्हते.

१६४० साली जर्मनीतील बान्झर नावाच्या वैद्याने नळीच्या टोकाला डुकराच्या मूत्राशयाची त्वचा ताणून ती कानात बसवण्याची कल्पना मांडली. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या टॉयन्बी यांनी चांदीच्या तारेला रबराची चकती जोडून कृत्रिम पडदा केला. हे सारे झाकण लावण्याचे प्रकार होते. चकती काढली की भोक तसेच. १८७८ साली बेर्टोल्ड यांनी शरीरावरची कातडी काढून भोकावर लावली आणि पडदा जिवंत वस्तूनेच बुजवावा ही दिशा दाखवली.

खरी क्रांती झाली ती १९५० नंतर. जर्मनीत वुलस्टाइन आणि झोल्नर या दोन शल्यविशारदांनी १९५२-५३ च्या सुमारास पडदा व हाडांची साखळी या दोहोंच्या दुरुस्तीची पद्धतशीर शस्त्रक्रिया सिद्ध केली. तिला टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात. त्याच सुमारास, १९५३ साली, झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेसाठी बनवलेला सूक्ष्मदर्शक आला आणि बटणाएवढा पडदा सर्जनच्या डोळ्यांपुढे ताटाएवढा झाला. सुरुवातीला पडद्यासाठी कातडी वापरत, पण कातडीचा स्वभाव असा की तिचे पापुद्रे सुटत राहतात आणि ती आत पुन्हा कुजते. १९६० च्या आसपास कानाच्या वर, कानशिलाच्या स्नायूवर असलेले पातळ पांढरे आवरण वापरण्यास सुरुवात झाली. ते चिवट असते, त्याला रक्ताचा पुरवठा फार लागत नाही, शिवाय ते त्याच जखमेतून मिळते. आजही जगभर मुख्यतः तेच वापरतात. काही वेळा कानाच्या पुढच्या कुर्चेचा पातळ काप किंवा त्यावरचे आवरण वापरतात. कुर्चा अधिक टणक असल्याने पुन्हा फुटण्याची भीती कमी असते.

ऑपरेशनच्या दिवशी काय होते

मुलांचे हे ऑपरेशन पूर्ण भूल देऊनच करतात. म्हणून आदल्या रात्रीपासून किंवा सांगितलेल्या वेळेपासून मुलाला उपाशी ठेवावे लागते. आजीने प्रेमाने दिलेले एक बिस्कीटही ऑपरेशन पुढे ढकलण्यास पुरेसे होते.

सर्जन बहुधा कानाच्या मागच्या घडीत छेद घेतात, म्हणजे व्रण दिसत नाही. कानाची वाट रुंद असेल आणि भोक लहान असेल तर वाटेतूनच, अलीकडे दुर्बिणीच्या साहाय्याने, काम करतात. प्रथम स्नायूवरचे आवरण काढून वाळत ठेवतात. मग भोकाच्या बोथट झालेल्या कडा बारीक सुईने कापून ताज्या करतात. जुनी जखम ताजी केल्याशिवाय ती भरण्याचे काम सुरू करत नाही, हे तत्त्व गवंड्यालाही ठाऊक असते. तोही जुन्या भिंतीवर गिलावा करण्यापूर्वी ती टोचून घेतो. नंतर पडद्याची मागची कड पुस्तकाच्या पानासारखी उचलतात, हाडांची साखळी हलते की नाही ते पाहतात, आणि वाळवलेले आवरण पडद्याच्या आतल्या बाजूने भोकाखाली सरकवून ठेवतात. ते जागचे हलू नये म्हणून आतबाहेर जिलेटिनच्या विरघळणाऱ्या स्पंजाचे तुकडे भरतात. पान पुन्हा मिटवतात, टाके घालतात, पट्टी बांधतात. साधारण एक ते दोन तासांचे हे काम असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवा पडदा सर्जन 'शिवत' नाहीत. ते फक्त मांडव घालतात. त्या मांडवावरून बाहेरची कातडी आणि आतले अस्तर वेलीसारखे पसरत जातात आणि काही आठवड्यांत स्वतःचा पडदा तयार करतात. म्हणूनच ऑपरेशननंतरची काळजी ही ऑपरेशनइतकीच महत्त्वाची ठरते.

कोणत्या वयात करावे

हा प्रश्न आईबाप हमखास विचारतात आणि यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत. बरेच सर्जन सात-आठ वर्षांपर्यंत थांबणे पसंत करतात. कारण असे की, त्या वयापर्यंत नाक आणि कान जोडणारी नळी बरीचशी सुधारते, सर्दीपडसे कमी होते आणि अॅडिनॉइडच्या गाठी आक्रसू लागतात. नळी बंद असताना नवा पडदा लावणे म्हणजे गळक्या छपराखाली रंग देणे. दुसरे सर्जन म्हणतात की, वयाचा आकडा धरून बसू नये. मुलाचे दोन्ही कान अधू असतील तर शिकण्याची मोलाची वर्षे वाया जातात, म्हणून लवकर करावे. दुसऱ्या कानाची प्रकृती ही चांगली खूण मानतात. दुसरा कान कोरडा व निरोगी असेल तर नळी काम करते असे समजावे.

वर सांगितलेल्या मुलीच्या बाबतीत असेच क्रमाने झाले. आधी नाकामागच्या गाठी काढल्या. डाव्या कानातला द्रव काही महिन्यांत ओसरला आणि त्या कानाने ती चांगले ऐकू लागली. उजवा कान औषधाने कोरडा केला, आणि दहाव्या वर्षी त्याचा पडदा बसवला. मधल्या काळात तिला आम्ही पहिल्या बाकावर, उजवा कान भिंतीकडे आणि डावा वर्गाकडे येईल असे बसवले, आणि फळ्याकडे तोंड करून बोलणे सोडले. त्याला एक पैसाही खर्च आला नाही.

यश किती मिळते? मुलांत हे ऑपरेशन मोठ्यांपेक्षा थोडे अवघड मानले जाते, तरीही बहुतेक ठिकाणी शंभरातील ऐंशी किंवा त्याहून अधिक मुलांचे पडदे पहिल्याच वेळी भरून येतात. भरून न आल्यास पुन्हा करता येते. ऐकणेही बहुधा सुधारते, पण हाडांची साखळी किती शाबूत आहे यावर ते अवलंबून असते. धोके थोडे आहेत, परंतु ते आधी समजून घ्यावेत. पडद्यामागून चवीचा एक मज्जातंतू जातो, त्यामुळे काही दिवस जिभेच्या एका बाजूची चव बदलते. क्वचित आतल्या कानाला इजा होऊन ऐकणे कमी होऊ शकते, आणि फारच क्वचित चेहऱ्याच्या नसेला धक्का पोहोचतो. हे प्रश्न सर्जनना विचारण्यात संकोच नसावा. विचारणारे आईबाप चांगल्या डॉक्टरांना आवडतात.

थांबू नये असा एक प्रकार

काही कान फार वाहत नाहीत, पण त्यांतून येणाऱ्या स्रावाला कुजका वास असतो. भोक पडद्याच्या वरच्या भागात किंवा कडेला असते. अशा कानात पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिची एक पिशवी तयार झालेली असते. तिला कोलेस्टिएटोमा म्हणतात. हा कर्करोग नव्हे, पण ती पिशवी वाढते आणि शेजारचे हाड कुरतडत जाते. हाडाच्या पलीकडे एका बाजूला चेहऱ्याची नस आहे आणि वर मेंदू आहे. यावर थेंब घालून भागत नाही, ऑपरेशन करावेच लागते, आणि त्यात आधी मुलाचा जीव सुरक्षित करणे व मग ऐकणे सुधारणे हा क्रम असतो. वाहणाऱ्या कानाबरोबर ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, चक्कर, कानामागे सूज किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठावे.

"कान वाहायचा थांबवला तर विकार डोक्यात चढतो," असे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. विकार डोक्यात चढतो तो वाहत ठेवलेल्या कानातून.

ऑपरेशनपूर्वी आणि नंतर

ऑपरेशन होईपर्यंत कान कोरडा ठेवणे हेच मोठे काम. अंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून तो बोळा कानात बसवावा आणि नंतर काढून टाकावा. आपण समुद्राने वेढलेल्या देशात राहतो, म्हणून मुलाला पाण्यापासून तोडणे कठीण हे आम्ही जाणतो. त्याला वाळूत खेळू द्यावे, गुडघाभर पाण्यात जाऊ द्यावे, पण बुडी मारू देऊ नये. कानात तेल, दूध, पाल्याचा रस काहीही घालू नये. कापसाच्या काड्या, केसांच्या पिना आत घालू नयेत. शेजाऱ्याच्या मुलासाठी आणलेले थेंब आपल्या मुलाच्या कानात सोडू नयेत. काही थेंब भोकातून आत जाऊन ऐकण्याच्या नसेलाच अपाय करू शकतात. कोणते थेंब घालावे हे डॉक्टरांनी कान पाहूनच सांगावे.

ऑपरेशननंतर मूल बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येते. कानातील पट्टी एक ते तीन आठवड्यांनी काढतात. तोवर ऐकायला कमी येते, त्याने घाबरू नये. पुढचे काही आठवडे कानात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये, नाक जोराने शिंकरू देऊ नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकायला शिकवावे, धक्काबुक्कीचे खेळ बंद ठेवावेत. लग्नकार्यासाठी किंवा यात्रेसाठी भारतात जाण्याचा बेत असेल तर तो पुढे ढकलावा. विमान चढता-उतरताना हवेचा दाब बदलतो आणि ताजा पडदा निसटू शकतो. सर्जननी परवानगी दिल्यावरच विमानात बसावे. दोन-तीन महिन्यांनी ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. कान वाहायचा थांबला म्हणून ही तपासणी टाळू नये, कारण ऐकू किती येते हे तीच सांगते.

आपल्या देशात सरकारी हॉस्पिटलांत उपचार मोफत आहेत. जवळच्या आरोग्य केंद्रातून सुरुवात करावी. तेथील डॉक्टर पुढे तज्ज्ञांकडे पाठवतात. वाक्वा येथे कान, नाक व घशासाठी स्वतंत्र सरकारी हॉस्पिटल आहे. तेव्हा पैसा नाही ही सबब येथे चालण्यासारखी नाही. रांगेत एक सकाळ जाईल, रजा घ्यावी लागेल, एवढेच.

आमच्या शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. जे मूल वारंवार "काय?" विचारते, हाक मारल्यावर एकाच बाजूने वळते, फळ्यावरचे बरोबर आणि तोंडी सांगितलेले चूक लिहिते, त्याच्या वहीत 'लक्ष कमी' असा शेरा लिहिण्यापूर्वी त्याच्या मागे चार-पाच पावलांवर उभे राहून हळू आवाजात दोन शब्द म्हणून पाहावे. त्याने ते बरोबर सांगितले तर उत्तम. न सांगितल्यास शेरा पालकांसाठी लिहावा, मुलासाठी नव्हे.

आणि पालकांनी तर एवढेच करावे. आज रात्री मूल झोपी गेले की दिवा लावून त्याची उशी पाहावी. तीवर पिवळसर डाग असेल, किंवा कानाजवळ नाक नेल्यावर वास येत असेल, तर लसणीची पाकळी सोलायला बसू नये. उद्या सकाळी त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जावे.